ठासणीच्या रायफलीवर स्वस्त दुर्बीण कशी चढली

ठासणीची बंदूक म्हटलं की आपल्याला कोकण आठवतं. शेतीरक्षणाच्या परवान्यावर घरात ठेवलेली, नळीच्या तोंडातून दारू ओतून गजाने ठासायची, केप, म्हणजे ठिणगी देणारी लहानशी टोपी, चढवायची आणि माशीवरून नेम धरायचा, अशी. तिच्यावर दुर्बीण बसवायचं कुणाच्या मनातही येत नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हौसेची शिकार भारतात उरली नाही, त्यामुळे ही बंदूक होती तिथेच राहिली. अमेरिकेत मात्र तिचं रूप पार पालटलं. दर वर्षी हरणांचा हंगाम जवळ आला की तिथला शिकारी विचारू लागतो, की शे-दोनशे डॉलरांत ठासणीच्या रायफलीवर कुठली दुर्बीण टिकेल? प्रश्न साधा दिसतो. पण तो पडावा यासाठी आधी दोन गोष्टी घडाव्या लागल्या. ठासणीची बंदूक आधुनिक व्हावी लागली आणि दुर्बीण स्वस्त.

दुर्बीण आणि ठासणी यांची जोडी मात्र अजिबात नवी नाही. काडतुसांचा जमाना यायच्या आधीच रायफलीवर दुर्बीण चढली होती. १८४०च्या दशकात न्यूयॉर्क राज्यातल्या युटिका गावचा बंदूककार मॉर्गन जेम्स आणि जॉन चॅपमन यांनी नळीइतक्याच लांब, बारीक दुर्बिणी बनवल्या. १८५५पासून त्याच राज्यातल्या सिराक्यूजमध्ये विल्यम माल्कम चांगल्या भिंगांच्या दुर्बिणी विकू लागला. अमेरिकी यादवी युद्धात दक्षिणेच्या नेमबाजांकडे इंग्लंडहून आणलेल्या व्हिटवर्थ रायफली होत्या. नळीचं भोक षट्कोनी असलेली ही रायफल ठासणीचीच. तिच्यातल्या काहींवर डेव्हिडसन पद्धतीची दुर्बीण बसवलेली असे, तीही वर नाही तर नळीच्या डाव्या अंगाला. हा डेव्हिडसन मुंबई इलाख्याच्या फौजेतला अधिकारी होता. या इतिहासाला आपल्या बाजूचा एवढाच एक धागा, पण तो खरा आहे.

म्हणून 'ठासणीवर दुर्बीण हा परंपरेचा अपमान' असं कुणी म्हणालं, तर इतिहास त्याच्या बाजूने उभा राहत नाही. फक्त त्या काळात अशी दुर्बीण मोजक्या लोकांकडे असायची. ती नाजूक होती, महाग होती आणि जंगलात हरणामागे फिरणाऱ्या शेतकऱ्याला तिचा उपयोगही नव्हता. पुढे काडतुसांच्या रायफली आल्या आणि ठासणीची बंदूक भिंतीवर टांगली गेली.

ती भिंतीवरून खाली उतरली हौशी लोकांमुळे. १९३३ साली ठासणीच्या रायफलींची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. इंडियाना राज्यातल्या फ्रेंडशिप नावाच्या लहानशा गावी तिच्या स्पर्धा भरतात. १९५४मध्ये टेनेसीतल्या युनियन सिटीत टर्नर कर्कलँड याने डिक्सी गन वर्क्स सुरू करून जुन्या घडणीच्या बंदुका आणि सुटे भाग टपालाने विकायला सुरुवात केली. १९६८चा बंदूक कायदा कडक होता, पण जुन्या बंदुका आणि त्यांच्या प्रतिकृती त्यातून वगळल्या गेल्या. १९७०मध्ये थॉम्पसन सेंटर कंपनीने हॉकन नावाची, बाजूला घोडा असलेली रायफल बाजारात आणली आणि ती तडाखेबंद खपली.

मग राज्यांच्या वन्यजीव खात्यांच्या लक्षात आलं की हे लोक वेगळा हंगाम मागताहेत आणि तो देणं परवडण्यासारखं आहे. एकच बार, मारा जेमतेम शंभर यार्डांचा, पाऊस आला तर दारू ओली. अशा शिकाऱ्याला चार दिवस जादा दिले तरी हरणांच्या संख्येला धक्का लागत नाही, शिवाय परवान्याचे पैसे येतात. पेनसिल्व्हेनियाने १९७४मध्ये चकमकीच्या बंदुकीसाठी स्वतंत्र हंगाम दिला. तिथे आजही नाताळनंतर चालणाऱ्या त्या हंगामात चकमक आणि साधी माशीच लागते. इतर राज्यांनीही आपापले हंगाम काढले. बंदूक कमकुवत म्हणून सवलत, असा तो व्यवहार होता, आणि पुढची सगळी भांडणं या 'कमकुवत' शब्दावरच झाली.

१९८५ साली मिसुरीतल्या टोनी नाइट या बंदूककाराने एमके-८५ ही रायफल काढली. केप बाजूला नाही, थेट दारूच्या मागे, नळीच्या रेषेत. ठिणगी सरळ आत जाते, बार चुकण्याचं प्रमाण घटतं. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने तिचं बाह्य रूप जास्त महत्त्वाचं. हॉकनचा दस्ता खाली उतरता असतो. गाल टेकवला की डोळा माशीच्या पातळीवर येतो, आणि दुर्बीण बसवलीच तर तिच्यात पाहायला मान उंच करावी लागते. नाइटची रायफल दिसायला काडतुसाच्या साध्या बोल्ट रायफलीसारखी होती. दस्ता सरळ, आणि दुर्बिणीची बैठक बसवायला वरच्या बाजूला स्क्रूची भोकं तयारच.

पहिल्या पिढीच्या या रायफलींना एक खोड होती. मागची बाजू उघडी असल्यामुळे बार काढला की केपचा धूर आणि काजळी वर उसळून थेट दुर्बिणीच्या पोटाला लागे. काळ्या दारूची राख हवेतला ओलावा शोषते आणि धातू खाते. दिवसभर नेमबाजी केली की नळकांड्याच्या खालच्या बाजूला काळा पट्टा उमटायचा. तिथे चिकटपट्टी गुंडाळायची पद्धत तेव्हाची. नंतर बंदिस्त बांधणी आली, केपऐवजी २०९ नंबरचा शॉटगनचा प्रायमर, म्हणजे काडतुसाच्या बुडातली ठिणगी देणारी टिकली, आला, दारूच्या तयार वड्या आल्या. पन्नास ग्रेनच्या (ग्रेन हे दारू मोजायचं बारीक माप) तीन वड्या टाकून दीडशे ग्रेनचं भरण करता येऊ लागलं. प्लास्टिकच्या खोळीतली, म्हणजे सॅबोटमधली, टोकदार गोळी दोनशे यार्डांवर हरीण पाडू लागली. एवढ्या अंतरावर साध्या माशीने नेम धरणं पन्नाशीच्या डोळ्यांना जमत नाही. ठासणीचे शिकारी बऱ्याचदा त्याच वयाचे, हे बाजाराने बरोबर हेरलं.

तोवर दुर्बिणीही गरिबाच्या हातात आल्या होत्या. याचं मोठं श्रेय बिल वीव्हरला. १९३०मध्ये केंटकीतल्या न्यूपोर्ट गावी त्याने मॉडेल ३३० काढलं, बैठकीसकट किंमत १९ डॉलर. जर्मन भिंगांच्या दुर्बिणी त्या काळी श्रीमंतांच्या होत्या, आणि मंदीच्या वर्षांत या १९ डॉलरांनी बाजार उघडला. पुढे तो टेक्ससमधल्या एल पासोला गेला. १९४७मध्ये ओरेगॉनच्या लिओपोल्ड कंपनीने आपली पहिली शिकारी दुर्बीण आणली. सांगतात की मार्कस लिओपोल्डची दुर्बीण ऐन मोक्याला आतून धुरकटली, हरीण निसटलं, आणि त्या रागातून हा उद्योग सुरू झाला. नळकांड्यातली हवा काढून नायट्रोजन भरायची पद्धत या कंपनीने रुजवली. आज शंभर डॉलरांच्या दुर्बिणीतही नायट्रोजन असतो. डिसेंबरच्या थंडीत तंबूतून बाहेर पडणाऱ्याला त्याचं मोल कळतं. साठ-सत्तरच्या दशकांत जपानी कारखान्यांनी आणि पुढे चीन, फिलिपिन्समधल्या कारखान्यांनी किमती आणखी खाली आणल्या. ३-९×४० हा प्रकार, म्हणजे तीनपट ते नऊपट आणि पुढचं भिंग ४० मिलिमीटरचं, इतका सर्रास झाला की स्वस्त दुर्बीण म्हणजे तीच.

ठासणीसाठी खास दुर्बीण ही कल्पना त्यानंतरची. निकॉनने ओमेगा नावाची मालिका काढली होती. तिच्यात मधल्या फुलीखाली लहान गोल असत, लांबच्या अंतरावर गोळी किती खाली येईल याचा अंदाज देणारे. १०० यार्डांवर नेम बसवला तर २०० यार्डांवर गोळी साधारण फूटभर खाली येते, म्हणून हे गोल. ते आखलेले असतात एका ठरावीक भरणावर. तुमची दारू वेगळी, गोळी वेगळी, तर गोलांचा हिशेबही वेगळा, आणि मैदानावर जाऊन तो स्वतःच लावावा लागतो. या गोलांसाठी जादा पैसे मोजावेत असं मला वाटत नाही. निकॉनने तर पुढे रायफलीच्या दुर्बिणी बनवणंच बंद केलं.

जादा पैसे द्यायचेच तर ते डोळ्याच्या अंतरासाठी, म्हणजे डोळा दुर्बिणीपासून किती लांब ठेवूनही पूर्ण चित्र दिसतं त्यासाठी, द्यावेत. दीडशे ग्रेनचं भरण हलक्या रायफलीतून सुटलं की दुर्बीण मागे येते, आणि डोळा जवळ असेल तर भुवई फुटते. चार इंचांच्या आसपास अंतर हवं. इथे स्वस्त दुर्बिणीतली एक मेख आहे. खोक्यावर छापलेला आकडा बऱ्याचदा तीनपटीवरचा असतो, नऊपटीवर तेच अंतर आखडतं. दुकानात उभं राहून दोन्ही टोकांवर बघितल्याशिवाय ते कळत नाही. दुसरी गोष्ट बैठक. 'दुर्बीण नेम धरून ठेवत नाही' या तक्रारीमागे पुष्कळदा सैल झालेला स्क्रू किंवा दुर्बीण धरणारी भिकार कडी असते. मग बदलली जाते ती बिचारी दुर्बीण.

पॅरॅलॅक्सचा मात्र उगाच बाऊ केला जातो. डोळा हलला की फुली लक्ष्यावर सरकल्यासारखी दिसते, तो दोष. साध्या रायफलीची दुर्बीण १०० यार्डांसाठी जुळवलेली असते, ठासणीसाठी म्हणून विकली जाणारी बऱ्याचदा ७५ यार्डांसाठी. हरणाच्या छातीच्या आकारापुढे हा फरक किरकोळ आहे.

खरा खर्च वाचतो तो राज्याचं नियमपुस्तक आधी उघडल्याने. बंदूक कमकुवत म्हणून दिलेली सवलत बंदूक बलवान झाल्यावरही चालू ठेवायची का, यावर प्रत्येक राज्याचं उत्तर निराळं आहे. मिसिसिपीच्या 'आदिम' हंगामात काही अटींवर एकबारी काडतुसाची रायफलही चालते. कोलोरॅडोच्या ठासणीच्या हंगामात दुर्बीण, सॅबोट आणि दारूच्या वड्या, तिन्हींना मनाई. आयडाहोतही साधी माशीच. सर्वांत मोठी कोलांटउडी युटाने मारली. २०१६मध्ये तिथे ठासणीवर मोठं करून दाखवणाऱ्या दुर्बिणींना परवानगी मिळाली. लोकांनी भारी भिंगं घेतली, पूर्वी या बंदुकीने कुणी स्वप्नातही धरला नसता इतक्या लांबून नेम धरायला लागले. २०२४च्या हंगामापासून ठासणीच्या हंगामातून त्या दुर्बिणी पुन्हा बाद झाल्या. हजार डॉलरवाल्याची आणि शंभर डॉलरवाल्याची, दोघांच्याही दुर्बिणी एकाच दिवशी खाली उतरल्या.