व्होल्ट भागिले हर्ट्झ

भारतातला बेल्टवर चालणारा जुना टर्नटेबल अमेरिकेत व्होल्टेज वाढवणारा स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर लावून सुरू केला, तर काही जळत नाही. दिवा लागतो, तबकडी फिरते. पण गाणं पळत सुटतं. मिनिटाला ३३⅓ ऐवजी ४० फेऱ्या होतात आणि २२ मिनिटांची बाजू साडेअठरा मिनिटांच्या आत संपते. काळी एकमधला षड्ज पांढरी तीनवर जाऊन बसतो, कारण भारतातली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० हेलकावे घेणारी, तिथली ६०ची. त्यांचं प्रमाण ६:५, आणि षड्जापासून कोमल गंधार नेमका तेवढाच वर असतो. विलंबित ख्याल ऐकायला बसलेल्याचा याहून मोठा रसभंग होऊ शकत नाही.

ट्रान्सफॉर्मर १२० व्होल्टचे २३० करतो, ६० हर्ट्झचे ५० मात्र कधीच करत नाही. अशा टर्नटेबलमधली सिंक्रोनस मोटर विजेच्या हेलकाव्यांशी बांधलेली असते. ५० हर्ट्झवर जी मिनिटाला २५० फेऱ्या घेते, ती ६०वर ३०० घेणारच. साधा उपाय म्हणजे मोटरच्या दांड्यावरची पुली बदलणं. मूळ पुलीच्या पाच षष्ठांश व्यासाची पुली चांगला लेथवाला करून देतो, पण माप काटेकोर हवं. इथली एक टक्क्याची चूक कानाला कळते. दुसरा उपाय मला जास्त आवडतो. मोटरला जेमतेम काही वॅट लागतात, तेव्हा ५० हर्ट्झची स्वच्छ साइन लहर तयार करणारं छोटं सर्किट, एक लहान अ‍ॅम्प्लिफायर आणि उलटा जोडलेला ट्रान्सफॉर्मर एवढ्यावर तिची स्वतंत्र वीज उभी राहते. डायरेक्ट ड्राइव्ह टर्नटेबलला आणि डीसी मोटरच्या कॅसेट डेकला हा त्रास नाही.

अ‍ॅम्प्लिफायरमध्ये काहीच फिरत नाही, म्हणून तिथे फ्रिक्वेन्सीकडे कुणी बघत नाही. ‘किती व्होल्टचा आहे?’ एवढंच विचारलं जातं. पण ट्रान्सफॉर्मरचं भवितव्य व्होल्ट भागिले हर्ट्झ या आकड्यावर ठरतं.

त्याचं कारण लोखंडी गाभ्यात आहे. वीज एका दिशेने जोर लावते तोवर गाभ्यातलं चुंबकत्व चढत जातं, दिशा उलटली की उतरू लागतं. ५० हर्ट्झला हा अर्धा फेरा १० मिलिसेकंदांचा, ६०ला सुमारे ८.३ मिलिसेकंदांचा. म्हणजे तेवढ्याच व्होल्टला ५० हर्ट्झवर चुंबकत्व जास्त वर चढतं. लोखंडाची एक मर्यादा असते. ती ओलांडली की गाभा भरून जातो, त्याभोवतीच्या तारेच्या गुंडाळीचा, म्हणजे वाइंडिंगचा, विरोध कोसळतो आणि करंट उसळ्या मारू लागतो. ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो, तापतो, आणि त्याचं बाहेर सांडलेलं चुंबकीय क्षेत्र टर्नटेबलचा क्षीण सिग्नल वाढवणाऱ्या फोनो सर्किटमध्ये शिरून स्पीकरमधून ‘हम’, म्हणजे गुणगुण, ऐकू येतो.

आता भागाकार करा. अमेरिकेत १२० भागिले ६०, म्हणजे २. फक्त ६० हर्ट्झसाठी बांधलेला अमेरिकी अ‍ॅम्प्लिफायर पुण्यात २३० ते १२०च्या स्टेप-डाउनवर लावला, तर १२० भागिले ५०, म्हणजे २.४. गाभ्यावर २० टक्के जास्त भार. परतताना आवडीचा अ‍ॅम्प्लिफायर सोबत आणणाऱ्या कितीतरी जणांची ‘अमेरिकेत शांत होता, इथे गुरगुरतो’ ही तक्रार इथून येते. तोच सेट थेट भिंतीत खोचला तर आकडा ४.६ होतो, सव्वादोन पटीहून जास्त. मग फ्यूज उडाला तर नशीब म्हणायचं.

यावर सोपा तोडगा आहे. १२० ऐवजी १०० व्होल्टचा स्टेप-डाउन घ्या. १०० भागिले ५०, पुन्हा २. आतले व्होल्टेज सुमारे १७ टक्के उतरतात आणि १०० वॅटचा सेट ७०च्या आसपास येतो. कानाला हा फरक दीड डेसिबलचा, घरात जाणवणारही नाही. मात्र मागच्या पट्टीवर ‘५०/६० हर्ट्झ’ लिहिलेलं असेल तर गाभा मुळातच ५०साठी पुरेसा आहे, मग १२०च द्या.

जपानचं उदाहरण याहून सुंदर आहे. १८९५च्या सुमारास टोकियोने जर्मनीच्या एईजीची ५० हर्ट्झची जनित्रं घेतली, मग ओसाकाने अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकची ६० हर्ट्झची. ती फाळणी आजही आहे, साधारण फुजी नदीच्या रेषेवर. व्होल्टेज मात्र सगळीकडे १००. त्यामुळे देशभर विकायचा जपानी सेट ५० हर्ट्झला पेलेल असाच बांधावा लागतो, आणि टोकियोचा आकडाही २ येतो. तिथला सेकंडहँड अ‍ॅम्प्लिफायर अमेरिकेत थेट लावला तरी गाभा तक्रार करत नाही, म्हणून लोक फसतात. आतले व्होल्टेज २० टक्के चढलेले असतात. जिथे ५० हवेत तिथे ६०, आणि वीज साठवणाऱ्या कपॅसिटरवर मर्यादा लिहिलेली ६३. अमेरिकेतला पुरवठा १२६पर्यंत चढणं नियमात बसतं. तेव्हा हा सेट मर्यादेच्या काठावर जगतो.

भारतीय सेट अमेरिकेत नेणं त्या मानाने सुखाचं. स्टेप-अपवर २३० भागिले ६०, म्हणजे ३.८, घरच्या ४.६पेक्षा कमी. अमेरिकी घरात कपड्यांच्या ड्रायरसाठी २४० व्होल्ट असतात, त्यावर सेट चालवायचा मोह होतो. पण तिथल्या दोन्ही तारा जिवंत असतात. सेटचं बटण एकच तार तोडत असेल, तर बंद सेटमध्येही १२० व्होल्ट खेळत राहतात. मी तरी या वाटेला जाऊ नका म्हणेन. आणि इस्त्री, हेअर ड्रायरसाठी विकले जाणारे हलके ‘ट्रॅव्हल कन्व्हर्टर’ ऑडिओला अजिबात लावू नका. ते लहर कापून व्होल्टेज कमी करतात, आणि कापलेली लहर ट्रान्सफॉर्मरला सोसत नाही.

सेट उघडायचा असेल तर आधी ट्रान्सफॉर्मरवरचे आकडे वाचा. परदेशी तळांवरच्या अमेरिकी सैनिकांसाठीही जपानी कंपन्या सेट बनवत, त्यांच्या पाठीवर व्होल्टेज निवडायची चकती असे. काही सेटमध्ये चकती नसते, पण आत प्राथमिक, म्हणजे वीज आत घेणाऱ्या, वाइंडिंगचे दोन सारखे भाग असतात. समांतर जोडले की १२०च्या आसपास, एकामागे एक जोडले की २४०च्या. एक भाग उलटा लागला तर गाभ्यातलं चुंबकत्व परस्पर रद्द होऊन शॉर्टसारखा करंट वाहतो. म्हणून बदलानंतरची पहिली चाचणी सिरीज बल्बवरच, म्हणजे सेटकडे जाणाऱ्या तारेच्या वाटेत बल्ब जोडून. जुना पिवळा ६० किंवा १०० वॅटचा, एलईडी नव्हे. क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक, लख्ख पेटून राहिला तर लगेच प्लग काढा.

दोन गोष्टी हमखास विसरल्या जातात. २३०वर करंट निम्मा होतो, म्हणून फ्यूजही साधारण निम्मा हवा. दुसरी जास्त घातक. अ‍ॅम्प्लिफायरच्या पाठीवरच्या एसी सॉकेटमधून भिंतीतलीच वीज निघते. सेट २३०चा केला की तिथेही २३०, आणि त्यात लावलेला १२०चा टर्नटेबल गेला. वीज आत येते तिथे दोन तारांमध्ये लावलेला छोटा कपॅसिटरही पहा, १२५ व्होल्टचा असेल तर २५० किंवा जास्त एसी व्होल्टचा, याच कामासाठी प्रमाणित बसवा. हात घालण्याआधी मोठे फिल्टर कपॅसिटर रेझिस्टरमधून रिकामे करून मीटरने खात्री करा. प्लग काढल्यावरही त्यांच्यात मारक चार्ज राहू शकतो.

ट्रान्सफॉर्मर जळालाच असेल तरी सेट भंगारात देऊ नका. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत चौकशी केली, तर नवा बांधून देणाऱ्याचा पत्ता लागू शकतो. त्याला दुय्यम, म्हणजे वीज बाहेर देणाऱ्या, बाजूचे व्होल्टेज, करंट आणि ‘२३० व्होल्ट, ५० हर्ट्झ’ हे लिहून द्या.

रिसीव्हर, म्हणजे आत रेडिओही असलेला सेट, असेल तर रेडिओचंही बघावं लागतं. अमेरिकी डिजिटल ट्यूनर एफएमवर सहसा दोन दशांश मेगाहर्ट्झच्या उड्या मारतो. १००.९वर थांबतो, मग १०१.१वर. पुण्याची विविध भारती १०१वर, ती मधल्या मध्ये राहते. मध्यम लहरींवर तिथे १० किलोहर्ट्झच्या पायऱ्या, भारतात ९च्या. आकाशवाणी पुणे केंद्राचे ७९२ किलोहर्ट्झ १०च्या पायऱ्यांत बसत नाहीत. बऱ्याच सेटच्या पाठीवर किंवा आत यासाठी छोटा स्विच असतो. आवाज जरा दबलेला वाटला तर दोष ट्यूनरचा नाही. एफएमचे उंच स्वर अमेरिकेत ७५ मायक्रोसेकंदांच्या हिशेबाने उतरवतात, भारतात ५०च्या; आकडा मोठा तितका उतार जास्त. डाव्या-उजव्या वाहिनीचे दोन लहान कपॅसिटर एक तृतीयांशाने कमी केले की बहुतेक ट्यूनरमध्ये झांजा आणि तंबोऱ्याची जवारी पुन्हा मोकळी ऐकू येते.