बी. फार्मसीचं शेवटचं वर्ष : पात्रता, ट्रेनिंग, इलेक्टिव्ह आणि प्रोजेक्टची कागदपत्रं

सहाव्या सेमिस्टरचा शेवटचा पेपर झाला की होस्टेल दोन दिवसांत रिकामं होतं. कुणी बार्शीची एसटी धरतो, कुणी अक्कलकोटची. सोलापूरचा उन्हाळा पाहता घरी पळावंसं वाटणं साहजिक आहे. पण शेवटच्या वर्षाची निम्मी कागदपत्रं याच सुट्टीत तयार व्हावी लागतात. कॉलेज उघडल्यावर ऑफिसच्या खिडकीपाशी रडकुंडीला आलेली मुलं दरवर्षी दिसतात. त्यातल्या बहुतेकांना नियम आधी कुणी नीट सांगितलेलेच नसतात, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

यातले नियम फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाच्या २०१४ च्या बी. फार्म. नियमावलीतले आहेत. कॉलेज पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाचं असो की लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठाला जोडलेलं, चौकट हीच. फॉर्मच्या तारखा आणि फी मात्र आपापल्या विद्यापीठाच्या परिपत्रकातच पाहायच्या.

सातव्या सेमिस्टरला कोण बसू शकतं

पहिल्या ते चौथ्या सेमिस्टरचे सगळे विषय सुटलेले हवेत. एकही अडकला असेल तर सातव्या सेमिस्टरला प्रवेश नाही. पाचव्या-सहाव्याचे विषय राहिले तरी चालतात, ते आठव्यापर्यंत पुढे नेता येतात. घोळ होतो तो इथेच. सहाव्या सेमिस्टरपर्यंत एटीकेटी चालते एवढंच मुलांच्या डोक्यात असतं. मग तिसऱ्या सेमिस्टरचं ऑरगॅनिक केमिस्ट्री किंवा चौथ्याचं फिजिकल फार्मास्युटिक्स ‘पुढच्या वेळी बघू’ म्हणून मागे टाकलं जातं. तो एक पेपर अख्खं वर्ष खातो. तुमचं असं काही राहिलं असेल तर सहाव्याच्या परीक्षा फॉर्मबरोबर बॅकलॉगचा फॉर्म भरलाय ना, हे आजच पाहा.

डिप्लोमा (डी. फार्म.) करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्यांसाठी पहिलं-दुसरं सेमिस्टर नसतं, तेव्हा त्यांचं तिसरं आणि चौथं पूर्ण हवं. शिवाय कम्युनिकेशन स्किल्स आणि कॉम्प्युटर ॲप्लिकेशन्स इन फार्मसी हे दोन जादा विषय, मिळून ७ क्रेडिटचे, त्यांना पूर्ण करावे लागतात. वेळापत्रकात हे विषय पहिल्या वर्षाच्या मुलांबरोबर असतात, त्यामुळे लक्षातून निसटतात. ते राहिले तर क्रेडिटची बेरीज जुळत नाही.

हजेरी प्रत्येक विषयात किमान ८० टक्के, थिअरीची वेगळी आणि प्रॅक्टिकलची वेगळी.

१५० तासांचं ट्रेनिंग आणि त्याचं सर्टिफिकेट

सहावं संपल्यानंतर आणि सातवं सुरू होण्याआधी चार आठवड्यांत किमान १५० तासांचं ट्रेनिंग करायचं असतं. औषध बनवणारा कारखाना, औषध तपासणी प्रयोगशाळा, हॉस्पिटलची फार्मसी, क्लिनिकल रिसर्चची संस्था किंवा मेडिकल दुकान, यातलं काहीही चालतं. सोलापूरच्या मुलांची पहिली धाव चिंचोळी एमआयडीसीकडे असते. तिथे जागा मोजक्या, म्हणून विचारपूस मार्चमध्येच करावी. सोबत कॉलेजचं विनंतीपत्र, बोनाफाईड, आयकार्ड, आधारची झेरॉक्स आणि दोन फोटो ठेवावेत. विनंतीपत्रावर प्राचार्यांची सही लागते आणि परीक्षेच्या दिवसांत ती मिळायला वेळ जातो.

माझी स्वतःची चूक सांगतो. मला एका कारखान्याने छान लेटरहेडवर पत्र दिलं : ‘यांनी आमच्याकडे एक महिना प्रशिक्षण घेतले.’ तासांचा उल्लेख नाही, कधीपासून कधीपर्यंत ते नाही, सही आहे पण गोल शिक्का नाही. कॉलेजने ते परत केलं. ज्यांनी सही केली होती ते साहेब तोवर रजेवर गेलेले. तीन चकरा झाल्या, त्यातली एक भर पावसात. म्हणून मसुदा आपणच लिहून न्यावा : संपूर्ण नाव मार्कशीटवर आहे तसं, सुरुवातीची आणि शेवटची तारीख, एकूण तास १५०, कोणत्या विभागात काम केलं, सही करणाऱ्याचं नाव, हुद्दा आणि शिक्का. सर्टिफिकेटसोबत अहवालही द्यायचा असतो. त्यासाठी रोज संध्याकाळी चार ओळी वहीत उतरवून ठेवा. ग्रॅन्युलेशनच्या (गोळ्यांसाठी पावडरचे दाणे करण्याच्या) खोलीत आज काय पाहिलं हे महिन्याने आठवत नाही.

सातव्या सेमिस्टरमध्ये ‘प्रॅक्टिस स्कूल’ असतं, तेही १५० तासांचं. आकडा सारखा असल्यामुळे सुट्टीतलंच सर्टिफिकेट तिथे चालेल असं पुष्कळांना वाटतं. चालत नाही. प्रॅक्टिस स्कूलचे तास सेमिस्टरभर विभागलेले असतात, कॉलेजने जाहीर केलेल्या क्षेत्रांपैकी एक निवडून ते करायचं असतं. त्याला ६ क्रेडिट आणि १५० गुण आहेत. अहवाल जास्तीत जास्त २५ पानांचा, तीन प्रतींत.

इलेक्टिव्हचा फॉर्म : इथे घाई करू नका

आठव्या सेमिस्टरला बायोस्टॅटिस्टिक्स आणि सोशल फार्मसी सगळ्यांना आहेत. त्याशिवाय दोन इलेक्टिव्ह, म्हणजे ऐच्छिक विषय, निवडायचे असतात : फार्माकोव्हिजिलन्स (औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवणं), रेग्युलेटरी सायन्स, मार्केटिंग, हर्बल औषधांचं क्वालिटी कंट्रोल, कॉस्मेटिक सायन्स, न्यूट्रास्युटिकल्स (आरोग्याला उपयोगी अन्नघटक), एक्स्परिमेंटल फार्माकॉलॉजी, आणखीही काही. शिक्षक आणि मुलांची संख्या पाहून कॉलेज यातले मोजकेच उघडतं, म्हणून पसंतीक्रमाचा फॉर्म असतो. फॉर्म एका पानाचा असतो : नाव, पीआरएन (विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक), पसंतीक्रम, सही.

हे एक पान मुलं मधल्या सुट्टीत, मित्राने काय भरलं ते बघून भरतात, आणि मला खरी कळकळ याचीच वाटते. कारण प्रोजेक्टचा विषय निवडलेल्या इलेक्टिव्हपैकी एकाशी थेट जोडलेला असावा, असं नियमच म्हणतो. म्हणजे फॉर्मवर टिक करताना तुम्ही प्रोजेक्टही निवडत असता. तेव्हा उलटा विचार करा. आपल्या हाताशी काय आहे? सोलापूरच्या डाळिंबाला आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आपल्या केगावात आहे. डाळिंबाच्या सालीतल्या टॅनिनवर (तुरट घटकावर) काम करायचं असेल तर हर्बल क्वालिटी कंट्रोल घ्या, मालदांडी ज्वारीवर करायचं असेल तर न्यूट्रास्युटिकल्स. साल तर बाजारात फेकून दिलेलीच मिळते.

फार्माकोव्हिजिलन्स घेऊन हॉस्पिटलमधल्या रुग्णांची माहिती गोळा करायची असेल, तर तिथल्या एथिक्स कमिटीची लेखी परवानगी आधी लागते. प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठीही कमिटी वेगळी. या परवानग्या आठवड्यात हातात पडत नाहीत. सातवं चालू असतानाच गाईड सरांशी किंवा मॅडमशी बोलून अर्ज टाकला, तरच आठव्यात काम उरकतं.

बाकीची कागदपत्रं

महाडीबीटीची (राज्य सरकारच्या पोर्टलवरची) शिष्यवृत्ती शेवटच्या वर्षीही नूतनीकरण करावी लागते. उत्पन्नाचा दाखला आणि लागू असेल तर नॉन क्रिमिलेअर, दोन्हींची मुदत पाहून घ्या. संपली असेल तर सेतूत लगेच अर्ज करा, प्रवेशाच्या दिवसांत तिथे फार गर्दी होते. एम. फार्म. करायचं असेल तर जीपॅट या प्रवेश परीक्षेचा फॉर्म शेवटच्या वर्षात असतानाच भरता येतो. ही परीक्षा २०२४ पासून एनबीईएमएस हे राष्ट्रीय परीक्षा मंडळ घेतं : १२५ प्रश्न, ५०० गुण, तीन तास, चुकीच्या उत्तराला एक गुण वजा.

प्रोजेक्टचं सबमिशन

गटात जास्तीत जास्त पाच जण. अहवाल टाइप करून, बाइंड करून तीन प्रतींत, आणि इथे किमान २५ पानं हवीत. प्रॅक्टिस स्कूलच्या बरोबर उलट. गुण १५०. त्यातले बाइंड केलेल्या अहवालाचे ७५ गटातल्या सगळ्यांना सारखे मिळतात. उरलेले ७५ सादरीकरणाचे, आणि ते ज्याचे त्याला वेगळे. त्यात ३० गुण फक्त प्रश्नोत्तरांचे. परीक्षक कुणालाही विचारू शकतात, की अर्क काढायला हेच सॉल्व्हंट (द्रावक) का घेतलं. गटात ज्याने फक्त टायपिंग आणि बाइंडिंग सांभाळलं, तो तिथे अडकतो. म्हणून छापायला देण्याआधी एक दिवस पाचही जणांनी एकत्र बसून, प्रत्येक तक्त्यातला आकडा कुठून आला ते एकमेकांना सांगून घ्या.