इंग्रजीतील प्राणिनामांची अनेकार्थता आणि उर्दू प्रतिशब्द

इंग्रजीतील रोजच्या वापरातली कित्येक प्राणिनामे नाम म्हणून वापरली जातात तशीच क्रियापद म्हणूनही. ‘डॉग’ म्हणजे कुत्रा, तसेच एखाद्याचा पिच्छा पुरवणे. ‘पॅरट’ म्हणजे पोपट आणि न समजता घोकणे. उर्दूत कुत्ता आणि पीछा करना हे शब्द सर्वस्वी वेगळे. त्यामुळे अशा नावापुढे एकच उर्दू शब्द लिहून भागत नाही, आधी संदर्भ पाहावा लागतो.

या अनेक अर्थांमागे दोन निरनिराळ्या गोष्टी असतात आणि त्यांची गल्लत करू नये. पहिली म्हणजे साम्यावरून अर्थ पसरणे. ‘क्रेन’ हा लांब मानेचा क्रौंच पक्षी. ओझे उचलणारी यारीही क्रेनच. प्राचीन ग्रीकमध्येही पक्ष्याचे नाव या यंत्राला दिलेले आढळते. उर्दूत पक्षी कूंज किंवा सारस, यंत्र मात्र क्रेन. ‘काइट’ ही मूळची घार. वाऱ्यावर तरंगणाऱ्या कागदी पतंगाला तिचे नाव मिळाले. उर्दू घारीला चील म्हणते आणि पतंगाला पतंग. मराठीत मात्र दिव्यावर झेपावणारा किडाही पतंगच. उर्दूत तो पतंगा किंवा परवाना.

‘बग’ म्हणजे किडा, आणि यंत्रातला दोषही. १९४७ साली हार्वर्डच्या मार्क २ संगणकात एक पतंग सापडला आणि तो नोंदवहीत चिकटवून ठेवला गेला. या अर्थाचा जन्म तिथेच झाला असे सर्रास सांगितले जाते, पण ते चूक आहे. एडिसनने १८७८ सालच्या पत्रात यंत्रातील बारीकसारीक अडचणींसाठी हाच शब्द वापरला होता. उर्दूत किडा तो कीड़ा, ढेकूण तो खटमल, दोष तो नुक़्स. शिवाय चोरून ऐकण्यासाठी लपवलेला मायक्रोफोन हा आणखी एक अर्थ राहतोच.

दुसरी गोष्ट निव्वळ योगायोगाची: वेगवेगळ्या मुळांतून आलेले शब्द उच्चारात एक होतात. अस्वल या अर्थाचा ‘बेअर’ आणि सोसणे या अर्थाचा ‘बेअर’ यांचे नाते नाही. उर्दूत एक रीछ, दुसरा बर्दाश्त करना. ‘सील’ हा सागरी प्राणी जुन्या इंग्रजीतला, तर शिक्का या अर्थाचा ‘सील’ लॅटिनमधला. त्याला उर्दूत मुहर. वटवाघूळ आणि खेळातली बॅट यांचेही तसेच: चमगादड़ आणि बल्ला.

‘स्वॉलो’ या जोडीत उर्दू बाजू अधिक वेधक आहे. गिळणे म्हणजे निगलना. पाकोळी म्हणजे अबाबील. कुराणाच्या १०५व्या सूरेत हत्तींच्या फौजेवर खडे टाकणाऱ्या पक्ष्यांचे वर्णन ‘तैरन अबाबील’ असे येते. अरबीत अबाबील म्हणजे थव्याथव्यांनी आलेले. ते पक्ष्याचे नाव नव्हे. उर्दूत मात्र या विशेषणाचेच नाव झाले.

स्वभाव सांगताना दोन्ही भाषा आपापला प्राणी निवडतात. भित्र्या माणसाला इंग्रजी ‘चिकन’ म्हणते. त्याचा उर्दू प्रतिशब्द बुज़दिल; फारसीत बुज़ म्हणजे बकरी, म्हणून बकरीच्या काळजाचा. मराठीत तेच काळीज सशाचे. इंग्रजीत ‘आउल’ शहाणपणाचे प्रतीक आहे, उर्दूत उल्लू हा मूर्ख. इथे शब्दशः भाषांतर केले तर स्तुतीची शिवी होते.

कधी प्राणी गळूनच पडतो. शेअर बाजारातले ‘बुल’ आणि ‘बेअर’ उर्दूत आले की बहुधा तेज़ी आणि मंदी एवढेच उरते, मराठीतही तेच. ‘डक’ म्हणजे बदक, उर्दू बत्तख़. पाण्यात बुडी मारण्याच्या सवयीवरून त्याला हे नाव पडले. क्रिकेटमध्ये शून्याच्या आकारावरून आधी बदकाचे अंडे म्हणत, पुढे अंडे गेले आणि बदक राहिले. उर्दू सरळ सिफ़र म्हणते; मराठी फलंदाज भोपळा न फोडता परततो.

‘टर्की’ची कथा सर्वांत गुंतागुंतीची. पक्षी अमेरिका खंडातला, इंग्रजी नाव तुर्कस्तानचे. उर्दूत तो पेरू किंवा फ़ील मुर्ग़, म्हणजे हत्तीकोंबडा. त्याच्या चोचीवर सोंडेसारखा मांसल भाग लोंबत असतो.