पद पलीकडे गेलं की चिन्ह बदलतं? मुळीच नाही

समीकरण सोडवताना ‘पद (म्हणजे ७ किंवा ४क्ष सारखा एक भाग) बरोबरच्या (=) पलीकडे नेलं की अधिकचं उणे होतं’ हे आपण वर्षानुवर्षं घोकतो. पण कुठलंच पद उडी मारत नाही. ४क्ष + ७ = ३१ मध्ये आपण दोन्ही बाजूंतून ७ वजा करतो. डावीकडे ७ − ७ म्हणजे शून्य, उजवीकडे ३१ − ७ म्हणजे २४. ही मधली ओळ गाळली, की जादू वाटते.

खरी गोची पुढे आहे. आता ४क्ष = २४. घोकलेला नियम लावून कुणी क्ष = २४ − ४ लिहितं, कुणी भागतं, पण −४ ने! ४ इथे क्षला गुणतोय, म्हणून दोन्ही बाजूंना ४ नेच भागायचं. क्ष = ६. ताळा करा: ४ × ६ + ७ = ३१.

आणि −४क्ष = २४ असेल तर? नियमवाले −४ चे ४ करून ६ काढतात. भागायचं −४ ने, उत्तर −६.

वेल्श गणितज्ञ रॉबर्ट रेकॉर्ड यांनी १५५७ साली = हे चिन्ह छापलं, ते सारख्या लांबीच्या दोन समांतर रेषांचं. त्यात सीमा ओलांडण्याचा प्रश्नच नव्हता; दोन्ही बाजू समान, एवढंच म्हणणं होतं.