फ्री एजन्सी आणि खेळाडू घडवणं: एकाच पुहोल्सचे दोन हिशेब

आयपीएलचा लिलाव पाहायची सवय असलेल्याला अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलची फ्री एजन्सी तशीच काहीतरी वाटते. पण तिथे सर्वांत मोठी बोली लावली म्हणून खेळाडू आपोआप त्या संघाचा होत नाही. करार संपलेला खेळाडू समोर आलेल्या प्रस्तावांतून आपला संघ स्वतः निवडतो. हा हक्क खेळाडूंनी भांडून मिळवला आहे. कर्ट फ्लड या खेळाडूने १९६९ मध्ये आपल्याला दुसऱ्या संघाकडे देणारी अदलाबदल नाकारली, खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला आणि १९७२ मध्ये तो हरला. अखेर डिसेंबर १९७५ मध्ये लवाद पीटर साइट्झ यांनी अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली या दोन पिचरना (चेंडू टाकणाऱ्यांना) मोकळं केलं, आणि दार उघडलं.

खेळाडू घडवणं म्हणजे नुसता ड्राफ्ट (संघांनी पाळीपाळीने केलेली नव्या खेळाडूंची निवड), हाही तितकाच पसरलेला गैरसमज. ड्राफ्टमध्ये संघाला फक्त त्या पोराशी करार करायचा हक्क मिळतो. पुढे सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए अशा पायऱ्या चढवत त्याला तयार करायचं असतं, आणि बहुतेक जण वरपर्यंत पोचतच नाहीत. डॉमिनिकन रिपब्लिक किंवा व्हेनेझुएलातल्या १६ वर्षांच्या मुलाला करारबद्ध करणं हेही याच खात्यातलं काम. होसे अल्टुवेला ह्यूस्टन ॲस्ट्रोसने २००७ मध्ये अवघ्या १५,००० डॉलरमध्ये घेतलं होतं.

दोन्ही वाटांनी आलेला खेळाडू शेवटी एकाच २६ जणांच्या यादीत बसतो, म्हणून फरक डोळ्यांना दिसत नाही. तो असतो वयात आणि पैशात. मेजर लीगमध्ये ६ वर्षांची सेवा होईपर्यंत खेळाडू संघाच्या ताब्यात राहतो. त्यातली साधारण पहिली ३ वर्षं किमान पगाराच्या आसपास जातात, नंतरच्या वर्षांत पगाराचा वाद लवादाकडे नेता येतो. फ्री एजंट होईपर्यंत बहुतेक जण तिशीला टेकलेले असतात. म्हणजे खेळाडू घडवणाऱ्या संघाला त्याची चढती वर्षं स्वस्तात मिळतात, आणि फ्री एजंट घेणारा उतरणीच्या वर्षांचेही पैसे आधीच कबूल करतो.

अल्बर्ट पुहोल्सच्या बाबतीत हे दोन्ही हिशेब एकाच माणसावर मांडता येतात. सेंट लुईस कार्डिनल्सने त्याला १९९९ च्या ड्राफ्टमध्ये १३ व्या फेरीत, ४०२ व्या क्रमांकावर घेतलं. २००१ मध्ये त्याने ३७ होमरन (आपल्या षटकारासारखे फटके) मारले तेव्हा त्याचा पगार होता २ लाख डॉलर. पुढे संघाने त्याच्याशी ७ वर्षांचा १० कोटी डॉलरचा करार केला. अकरा हंगामांत ४४५ होमरन, तीन एमव्हीपी (सर्वांत मौल्यवान खेळाडूचे किताब), २००६ आणि २०११ ची वर्ल्ड सिरीज (विजेतेपदाची अंतिम मालिका): कार्डिनल्सचं सोनं झालं. मग डिसेंबर २०११ मध्ये, वयाच्या बत्तिशीच्या उंबरठ्यावर, लॉस एंजेलिस एंजल्सने त्याला १० वर्षांसाठी २४ कोटी डॉलर कबूल केले. कार्डिनल्सकडे .३२८ असलेली त्याची फलंदाजीची सरासरी (दर हजार संधींमागे ३२८ यशस्वी फटके) तिथे .२५६ वर आली, आणि मे २०२१ मध्ये त्याला मुक्त करण्यात आलं. त्या सगळ्या काळात एंजल्स एकदाच, २०१४ मध्ये, प्लेऑफला (हंगामानंतरच्या बाद फेरीला) गेले आणि कॅन्सस सिटीकडून ०-३ हरले. संघात माइक ट्राउट होता, तोही त्यांनीच घडवलेला! पण त्याच्या आजूबाजूला तसे आणखी चार-पाच उभे राहिले नाहीत. माझ्या मते एंजल्सची खरी चूक तीच. पुहोल्सवरचा खर्च त्यामुळे जास्त बोचला.

म्हणून फ्री एजन्सी वाईट असं मात्र नाही. लॉस एंजेलिस डॉजर्सने २०२२ मध्ये फ्रेडी फ्रीमनला ६ वर्षांसाठी १६ कोटी २० लाख डॉलर दिले, आणि २०२४ ची वर्ल्ड सिरीज जिंकताना तोच एमव्हीपी ठरला. त्याच संघात ड्राफ्टमधून आलेला विल स्मिथ कॅचर (पिचरचा चेंडू झेलणारा) म्हणून होता. पाया घरचा असेल तर उरलेली एखादी मोठी जागा पैशाने भरणं शहाणपणाचं ठरतं.

पुहोल्स गेल्याचा मोबदला म्हणून तेव्हाच्या नियमानुसार एंजल्सची २०१२ च्या ड्राफ्टमधली १९ वी निवड कार्डिनल्सकडे आली. त्यावर त्यांनी मायकल वाका हा पिचर घेतला. २०१३ मध्ये, वयाच्या २२ व्या वर्षी, त्याने नॅशनल लीगच्या (मेजर लीगच्या दोन गटांपैकी एकाच्या) अंतिम मालिकेत नामांकित पिचर क्लेटन कर्शॉच्या डॉजर्सना दोनदा हरवलं, मालिकेचा एमव्हीपी झाला, आणि कार्डिनल्स पुहोल्सशिवाय वर्ल्ड सिरीजमध्ये पोचले.