रॉबिन मूर

दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुडीने बुडवलेले अमेरिकेचे मालवाहू जहाज. २१ मे १९४१ रोजी ते बुडाले, तेव्हा अमेरिका तटस्थ होती. ज्या हल्ल्याने ती युद्धात ओढली गेली, त्या पर्ल हार्बरवरील जपानी हल्ल्याला अजून सहा महिने होते.

१९१९ मध्ये बांधलेले हे जहाज न्यूयॉर्कहून दक्षिण आफ्रिका व मोझांबिककडे निघाले होते. मोटारगाड्या, रेल्वेचे रूळ असा मिश्र माल, ३८ खलाशी व अधिकारी आणि लहान मुलासह ८ प्रवासी त्यावर होते. पश्चिम आफ्रिकेतील फ्रीटाउन बंदराच्या पश्चिमेस, भर अटलांटिकमध्ये, यू-६९ या पाणबुडीने पहाटे ते अडवले. एक अधिकारी होडीने पाणबुडीवर गेला. पाणबुडीचा कप्तान योस्ट मेट्झलर याला जहाज अमेरिकेचे असल्याचे कळले, पण माल शत्रूच्या उपयोगाचा म्हणून त्याने ते बुडवण्याचे ठरवले. बिनतारी संदेश न पाठवण्याची ताकीद देऊन त्याने सर्वांना जीवननौकांत उतरू दिले, मग पाणतीर सोडला आणि उरलेले काम तोफेने केले. जाताना पाव आणि लोण्याचे डबेही दिले.

ही सभ्यता कायद्यापुढे टिकणारी नव्हती. जर्मनीनेही मान्य केलेल्या १९३६ च्या लंडन करारानुसार प्रवासी, खलाशी व कागदपत्रे सुरक्षित जागी पोचवल्याखेरीज व्यापारी जहाज बुडवता येत नसे. हवामान बरे असेल आणि किनारा किंवा दुसरे जहाज जवळ असेल, तरच जीवननौका ‘सुरक्षित जागा’ ठरे. इथे किनारा शेकडो मैलांवर होता. पाणबुडीची अडचणही खरी होती : तिच्या पोटात ४६ माणसे मावणार कुठे? पण कराराने ती सबब मानली नव्हती. माणसे ठेवता येत नसतील, तर जहाज सोडून देणे एवढाच मार्ग उरत होता.

चार नौकांची ताटातूट झाली. तिघींतील ३५ जणांना एका ब्रिटिश जहाजाने उचलून केपटाउनला नेले. चौथीतील ११ जण ८ जूनला, म्हणजे अठरा दिवसांनी, ‘ओझोरिओ’ या ब्राझिलियन जहाजाला सापडले. त्यांना ब्राझीलमधील रेसिफे बंदरात नेण्यात आले; ते सापडल्यावरच सारा प्रकार जगाला कळला. प्राणहानी झाली नाही, हे नशीबच म्हणायचे.

अध्यक्ष रूझवेल्ट यांनी २० जूनला काँग्रेसला (अमेरिकेच्या संसदेला) पाठवलेल्या संदेशात याला चाचेगिरी म्हटले. तरी अमेरिका लगेच युद्धात उतरली नाही. अमेरिकी व्यापारी जहाजांवर तोफा बसवण्यास असलेली बंदी त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये उठली. तोवर अशी आणखी जहाजे बुडाली होती.