आहाज आणि हिज्कीया: सोनं दोघांनीही दिलं, मग भरवसा कोणाचा?

बायबल स्टडीमध्ये आहाज आणि हिज्कीयाचा विषय निघाला की गोंधळ ठरलेला. दोघं यहूदाचे राजे, सख्खे बाप-लेक, दोघांच्या काळात यरुशलेमवर शत्रू चालून आलेला, दोघांना सांगायला तोच यशया संदेष्टा, आणि दोघांनीही मंदिरातलं सोनं-चांदी काढून अश्शूरच्या (असिरियाच्या) राजाला दिलेलं. मग हिज्कीयाचा देवावरचा भरवसा खरा आणि आहाजचा नाही, हे कशावरून? मला तर कित्येक वर्षं आहाजचंच बोलणं जास्त देवभीरू वाटायचं.

आधी आहाज बघू. साधारण इ.स.पू. 734. अरामचा (सीरियाचा) राजा रसीन आणि इस्राएलचा, म्हणजे यहूदाच्या उत्तरेकडच्या वेगळ्या राज्याचा, राजा पेकह एकत्र येऊन यरुशलेमवर निघालेत, ही बातमी ऐकून राजाचं आणि लोकांचं काळीज वाऱ्याने रानातली झाडं हलावीत तसं हललं, असं यशयाच्या पुस्तकाच्या 7व्या अध्यायात आहे. आहाज वरच्या तळ्याच्या नळापाशी, परटाच्या शेताकडे जाणाऱ्या रस्त्यावर असतो, बहुतेक वेढा पडला तर पाण्याचं काय हेच बघायला गेला असावा. तिथे यशया आपल्या मुलाला घेऊन येतो आणि सांगतो की घाबरू नकोस, हे दोघं म्हणजे धुमसणाऱ्या लाकडांची थोटकं आहेत, आणि वर म्हणतो की देवाकडे चिन्ह माग, खाली अधोलोकाएवढं खोल नाहीतर वर आकाशाएवढं उंच, काय हवं ते माग. आहाज काय म्हणतो? मी मागणार नाही, मी परमेश्वराची परीक्षा बघणार नाही.

किती छान वाटतं ना ऐकायला! बायबलच्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात तसंच लिहिलंय, देवाची परीक्षा बघू नका. पण इथे तर देव स्वतःच माग म्हणतोय. आणि ‘2 राजे’ या पुस्तकाचा 16वा अध्याय उघडला की कळतं गडी मदत कुठे मागत होता ते, अश्शूरच्या तिग्लथ-पिलेसरला निरोप, मी तुझा दास आणि तुझा मुलगा, ये आणि मला वाचव, सोबत मंदिरातलं आणि राजवाड्यातलं सोनं-चांदी. मला यातला ‘मुलगा’ हा शब्द सगळ्यात जास्त टोचतो. दाविदाच्या वंशातल्या राजाला देवाने आपला मुलगा म्हटलं होतं, तेच नातं यानं अश्शूरच्या पायाशी नेऊन ठेवलं.

यशयाने त्याला तेव्हाच बजावलं होतं की विश्वास ठेवला नाहीत तर टिकणार नाही. मूळ हिब्रूत ‘विश्वास ठेवणं’ आणि ‘टिकणं’ हे दोन्ही शब्द एकाच धातूचे आहेत, आणि आपण प्रार्थनेच्या शेवटी म्हणतो तो ‘आमेन’सुद्धा त्याच धातूचा.

आता हिज्कीया. इ.स.पू. 701, अश्शूरचा राजा सन्हेरीबने यहूदाची 46 तटबंदीची शहरं घेतली असं त्याच्याच शिलालेखात आहे, आणि हिज्कीयाला पिंजऱ्यातल्या पाखरासारखा कोंडला अशी फुशारकीही आहे, फक्त यरुशलेम घेतलं असं मात्र तो कुठेच म्हणत नाही. अश्शूरचा सरदार धमकी द्यायला कुठे उभा राहिला ठाऊक आहे? त्याच वरच्या तळ्याच्या नळापाशी, परटाच्या शेताच्या रस्त्यावर. तीसेक वर्षांनी तीच जागा! बापाने ज्या अश्शूरला मदतीला बोलावलं तेच आता मुलाच्या दारात.

हिज्कीया धुतल्या तांदळासारखा होता असं अजिबात नाही. माझं चुकलं म्हणून त्यानेही सन्हेरीबला निरोप पाठवला, 300 किक्कार (वजनाचं जुनं माप) चांदी आणि 30 किक्कार सोनं दिलं, त्यासाठी मंदिराच्या दारांवरचं सोनंही खरवडून काढलं, आणि तरी फौज आलीच. म्हणजे घाबरला तोही. फरक पुढे पडतो. धमकीचं पत्र आलं तेव्हा त्याने ते हातात घेतलं, वाचलं, मंदिरात गेला आणि परमेश्वरापुढे पसरून ठेवलं. बघ, काय लिहिलंय ते तूच बघ. आणि अश्शूरच्या राजांनी राष्ट्रांची धूळधाण केली हे खरंच आहे, हेही तो प्रार्थनेत कबूल करतो, काही झाकत नाही. आहाजकडे देवाचा शब्द स्वतःहून चालत आला तर त्याने गोड बोलून दार लावून घेतलं, हिज्कीयाने आपली भीती कागदासकट देवासमोर उलगडली.

इथेच दुसरं कन्फ्यूजन होतं, की भरवसा म्हणजे हात बांधून बसायचं. मग हिज्कीयाने यरुशलेममध्ये बोगदा कशाला खणला? गीहोन झऱ्याचं पाणी शहरात आणायला खडकातून 533 मीटर, दोन्ही टोकांकडून माणसं खणत आली आणि शेवटी पलीकडच्यांचा आवाज ऐकू आला, असं 1880 मध्ये सापडलेल्या कोरीव लेखात आहे. 2 राजेमध्ये हे काम त्याच्या नावावर अभिमानाने नोंदलंय. यशया 22मध्ये यरुशलेमच्या लोकांना बोल लावलाय तो पाणी साठवल्याबद्दल नाही, साठवताना ज्याने हे सगळं घडवलं त्याच्याकडे नजर गेली नाही म्हणून. औषधाचंही तेच, हिज्कीया मरणाला टेकला, रडून प्रार्थना केली, देवाने ऐकलं, आणि तरी यशयाने गळवावर अंजिराची ढेप बांधायला सांगितली. ऑपरेशन करून घेतलं म्हणजे विश्वास कमी पडला, असं कोणी पेशंटला ऐकवत असेल तर त्याला हे वचन जरूर दाखवा.

त्याच आजारपणात हिज्कीयाने विचारलं, मी बरा होईन याचं चिन्ह काय? यशया म्हणाला, पायऱ्यांवर पडलेली उन्हाची सावली दहा पायऱ्या पुढे जाऊ दे की मागे? हा म्हणाला, पुढे जाणं सोपं आहे, मागे जाऊ दे. आणि सावली दहा पायऱ्या मागे गेली. त्या पायऱ्या आहाजच्या होत्या.